बोअरचं दूषित पाणी उपसलं की जमीन साफ होते का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. जागा मोकळी झाली. पण जमिनीत मुरलेलं तेल आणि रसायन बुलडोझरने निघत नाही. शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं आणि अनेक सोसायट्या बोअर-टँकरवर भागवतात. त्यामुळे जमिनीखाली काय आहे, हा प्रश्न थेट आपल्या नळाचा आहे.

नुसता उपसा का पुरत नाही?

पाणी उपसायचं, शुद्ध करायचं, सोडून द्यायचं, ही जुनी पद्धत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये अशा ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. त्यातल्या ६९ ठिकाणी ठरवलेली शुद्धता गाठता आली नव्हती. कारण रसायन मातीला चिकटतं, खडकाच्या भेगांत अडकतं. पंप बंद केला की ते हळूहळू पुन्हा पाण्यात उतरतं.

भोसरीपासून चाकणपर्यंत आपल्याखाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी भेगांमधून वाहतं. म्हणून शेजारच्या दोन बोअरपैकी एक चांगली आणि दुसरी खराब निघू शकते.

मग काय करायचं?

आधी गळती बंद करायची आणि दूषित माती काढायची. मग भेगांचा नकाशा, तपासणीच्या बोअर आणि योग्य जागी मोजकेच पंप. औषधही रोग पाहूनच. प्लेटिंगमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्याबरोबर पसरतं आणि त्याने कॅन्सरचा धोका असतो. जमिनीत फेरस सल्फेट सोडलं तर त्याचं कमी विषारी क्रोमियम होऊन ते तिथेच साक्यासारखं बसतं. सुट्या भागांचं ग्रीस धुणाऱ्या सॉल्व्हंटवर मात्र हा उपाय चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

दूषित जागांबाबतचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. संशयित जागा कळल्यावर राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यायचा, असं ते सांगतात.

आमचं मत स्पष्ट आहे : कुदळवाडीसारख्या जागा या यादीत आधी घ्याव्यात. प्लॉटवर एकदा इमारत उभी राहिली की खालची माती काढणं जवळपास अशक्य होतं. तपासणीचे आकडेही लोकांना मोबाइलवर दिसायला हवेत.

तोवर तुमच्या सोसायटीच्या बोअरची लॅबमध्ये तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. आणि लक्षात ठेवा, पाणी उकळल्याने जंतू मरतात. धातू जात नाहीत.