दाढीला कंगवा, नजरेलाही

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांत दोन प्रकारच्या दुकानांपुढे तरुणांची गर्दी वाढते. एक कपड्यांची आणि दुसरी कटिंगची. चांदरातीला तर सलूनमध्ये नंबर लागता लागता मध्यरात्र होते. पूर्वी तिथे वस्तरा, तुरटीचा खडा आणि पावडरचा डबा एवढ्यावर काम भागत असे. आता आरशाखालच्या फळीवर दाढीचे तेल, दाढीचा बाम, मिशीचे मेण, दाढीचा शॅम्पू अशा बाटल्या आणि डब्या मांडलेल्या दिसतात. गिऱ्हाईकही एका धर्माचे राहिलेले नाही. क्रिकेटपटू आणि सिनेनट दाढी राखू लागल्यापासून अमोल आणि आसिफ एकाच खुर्चीवर बसून सारखीच दाढी कोरून घेतात.

घरातली वडीलधारी मंडळी या बाटल्यांकडे पाहून नाक मुरडतात. दाढी ही सुन्नत आहे, तिला कसला आला नट्टापट्टा, असे त्यांचे म्हणणे असते. पण दाढी राखणे आणि दाढी नीट राखणे, या दोन्ही गोष्टी इस्लामी शिकवणीत आहेत. ज्याला केस आहेत त्याने त्यांची निगा राखावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये एक प्रसंग येतो. डोक्याचे आणि दाढीचे केस विस्कटलेला एक माणूस मशिदीत आला, तेव्हा प्रेषितांनी हाताने खूण करून त्याला केस नीट करून येण्यास सांगितले. तो नीटनेटका होऊन परतल्यावर, विस्कटलेल्या अवस्थेत येण्यापेक्षा हे बरे नाही का, असे ते म्हणाले. मशिदीच्या पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनीही हा प्रसंग ध्यानात ठेवावा असा आहे.

सध्या अनेक मशिदींत काही जण एतेकाफला बसले आहेत. एतेकाफ म्हणजे शेवटचे दहा दिवस घरसंसार बाजूला ठेवून मशिदीतच राहणे. प्रेषित एतेकाफमध्ये असत तेव्हा मशिदीतूनच डोके बाहेर झुकवीत आणि हजरत आयेशा आपल्या खोलीतून त्यांचे केस विंचरून देत, असे बुखारींच्या संग्रहात नोंदवलेले आहे. जगापासून दूर बसतानाही केस विंचरणे सुटले नव्हते. दुसऱ्या बाजूला, रोजच्या रोज नटण्यात वेळ घालवू नये, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. म्हणजे आरशापुढे उभे राहायला हरकत नाही, तिथेच मुक्काम नको.

आता त्या बाटल्यांविषयी. दाढीचे केस डोक्याच्या केसांपेक्षा जाड आणि राठ असतात. गालावर, हनुवटीवर आणि गळ्यावर ते वेगवेगळ्या दिशांनी उगवतात, म्हणून दाढी एका बाजूला बसते आणि दुसरीकडे फुगते. अंगाच्या साबणाने रोज घासून धुतली तर त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि केस आणखी ताठ होतात. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघतही नाही. तेलाचे काम एवढेच की ते केसांवर पातळ थर धरते, त्यांना मऊ करते आणि खालच्या त्वचेचा कोरडेपणा कमी करते. बाममध्ये त्याच तेलात मेण मिसळलेले असते, त्यामुळे उभे राहणारे केस दबून राहतात. मिशीच्या मेणात मेणाचे प्रमाण जास्त असते, इतकाच फरक.

हे काम घरातले खोबरेल किंवा बदामाचे तेलही करते. अंघोळीनंतर दाढी टिपून थोडी ओलसर असताना दोन-चार थेंब हातावर चोळून मुळापासून टोकापर्यंत लावावेत आणि रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावे. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा तेल कमीच बरे, नाहीतर घामाबरोबर चिकटा होतो आणि पुरळ उठते. कात्री किंवा ट्रिमर चालवायचा तर दाढी कोरडी असताना. ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर दाढी हवी त्यापेक्षा आखूड झालेली असते. वजू करताना दाढीत ओली बोटे फिरवण्याची, म्हणजे खिलालची, जी रीत आहे तीही दाढी मोकळी राखायला मदत करते. रोजात दाढीला तेल किंवा अत्तर लावले, दाढी कोरून घेतली, तर रोजा तुटत नाही. ही शंका दरवर्षी विचारली जाते, म्हणून सांगितलेले बरे.

तेलाने जे होत नाही तेही सांगायला हवे. ‘महिन्याभरात भरघोस दाढी’ असे सांगून विकले जाणारे तेल सतरा-अठरा वर्षांची मुले घेतात. दाढी किती आणि कुठे येणार हे वय, शरीरातली संप्रेरके आणि घराण्याची ठेवण यांवर ठरते. कित्येकांची दाढी पंचविशीपर्यंत भरत राहते. काही मुले मिनॉक्सिडिल गालांना लावतात. ते डोक्याच्या केसगळतीवरचे औषध आहे. डॉक्टरला न विचारता चेहऱ्यावर वापरले तर त्वचा सोलवटते, काहींना छातीत धडधडही होते. ईदसाठी दाढी रंगवणाऱ्यांनी झटपट काळ्या मेंदीपासून सावध राहावे. तिच्यात पीपीडी नावाचे रसायन असते आणि त्याने काहींचा चेहरा सुजतो. रंग आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा. आणि सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड मागून घ्यावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

इथवर सगळे दाढीवाल्याचे काम झाले. पण नीट कोरलेली, तेल लावून विंचरलेली दाढीही एका जागी अडते. ती जागा म्हणजे समोरच्याची नजर. अमोल आणि आसिफ एकाच खुर्चीवरून सारखीच दाढी घेऊन उठतात. एकाच्या दाढीला लोक फॅशन म्हणतात, दुसऱ्याच्या दाढीला कट्टरपणा. मग नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मुलाला घरचेच सांगतात, काढून जा रे बाबा.

गणवेशाच्या नोकरीतला प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे शिस्तीचे नियम असतात. महाराष्ट्रात राज्य राखीव पोलीस दलातील एका जवानाला 2012 मध्ये आधी दाढी राखण्याची परवानगी मिळाली होती. अट होती ती छाटलेली आणि नीटनेटकी असण्याची. ती परवानगी नंतर मागे घेतली गेली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2017 मध्ये न्यायालयाने सहानुभूती दाखवत, ठरावीक धार्मिक काळापुरती दाढी ठेवून कामावर परतण्याचा पर्याय सुचवला. त्याच्या वकिलांनी तो नाकारला. दलाचा नियम आणि व्यक्तीची श्रद्धा यांचा तोल न्यायालयांनी पाहावा, दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. पण किराणा दुकान, शाळा, बँक, भाड्याची खोली इथे कुठला गणवेश असतो? तिथे दाढी पाहून माणूस तोलायचे कारण काय?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला तरी पडू नये. पवनारला धाम नदीच्या काठी 1938 पासून आश्रम करून राहिलेल्या विनोबांची पांढरी दाढी सगळ्या देशाने पाहिली. ते अरबी शिकले, मूळ कुराण वाचले आणि त्यातील निवडक आयतींचे ‘कुराणसार’ सिद्ध केले. त्यांची दाढी पाहून कोणी त्यांचा धर्म विचारला नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा विस्कटलेल्या केसांनी आणि दाढीने गावोगाव हिंडले, पण हातातल्या खराट्याने लोकांना स्वच्छता शिकवून गेले. 1936 मध्ये सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींना तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात, एका गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला होता. त्यांनी केस कापायचे यंत्र विकत घेऊन आरशात पाहून स्वतःच कापले आणि कोर्टात मित्रांनी त्या कापणीची थट्टा केली. आत्मकथेत हे सांगताना त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. आपल्याकडचे न्हावीही अस्पृश्यांचे केस कापत नाहीत, याची त्यांना आठवण झाली.

रमजान हा संयमाचा महिना आहे. रोजा पोटाचा असतो तसा डोळ्यांचा आणि जिभेचाही असतो, असे प्रत्येक मशिदीत सांगितले जाते. मुस्लिम तरुणांनी या ईदला महागडी बाटली घेतली नाही तरी चालेल, पण दाढी धुऊन, विंचरून, मिशा ओठांवरून छाटून नमाजला जावे. समोरच्याला आपल्याकडे पाहून बरे वाटावे, हीही एक प्रकारची सदका आहे. आणि दाढी लांब झाली म्हणून आपण इतरांपेक्षा अधिक धार्मिक झालो, असे समजू नये. त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे, आरशाकडे नाही.

शेजाऱ्यांनीही आपल्या बाजूने एवढे करावे. शिरखुर्म्याला बोलावणाऱ्या मित्राची दाढी रोज पाहण्यातली असते, तिची भीती वाटत नाही. तीच नजर बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी दाढीवाल्यालाही द्यावी. त्याला खर्च काहीच नाही.