मात्रा किती आणि संमती कोणाची?

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची आमची परंपरा जुनी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या पॅपिलोमा विषाणूवरील लशीच्या बाबतीतही तेच घडले.

ही लस २००६ साली आली ती तीन मात्रांची. तीनच का, दोन का पुरू नयेत, हा प्रश्न ज्या देशात मुली कोट्यवधी आणि आरोग्यखात्याची थैली तोकडी, त्याने विचारावयाचा नाही तर कोणी? तो विचारण्यासाठी २००९ मध्ये बार्शीसह देशात अनेक ठिकाणी वीस हजार मुलींची चाचणी योजण्यात आली.

त्याच सुमारास खम्मम आणि बडोदे या जिल्ह्यांत याच प्रकारच्या लशीचा एक निराळा उपक्रम चालू होता. त्यातील सात मुली दगावल्या. मृत्यूंचे कारण लस असल्याचे पुढे चौकशीत आढळले नाही. आढळले ते हे, की खम्ममच्या वसतिगृहांत आईबापांच्या जागी गृहपालांनी सह्या ठोकल्या होत्या. हा अपराध लहान नव्हे. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले, ते योग्यच झाले. परंतु एप्रिल २०१० मध्येच सरकारने त्या उपक्रमाबरोबर चाचणीतील लसीकरणही थांबविले होते! तोवर लस टोचलेल्या १७,७२९ मुलींपैकी ४,९५० जणी एकाच मात्रेवर राहिल्या.

दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतल्यावर, २०२१ मध्ये, कळले ते असे: विषाणूच्या १६ व १८ या घातक प्रकारांचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के टळतो. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

मग बंदी पथ्यावरच पडली की, असे कोणी म्हणेल. आम्हांस हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. अपघाताने हाती आलेले ज्ञान लंगडे असते. एका मात्रेवर कोणी राहावे हे येथे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते, सरकारी हुकमाने ठरले होते. चिठ्ठ्या टाकून केलेली कसोटी २,२७५ तरुणींच्या साहाय्याने केनियाने पार पाडली. मान त्या देशाचा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: कसोट्या अवश्य व्हाव्यात, पण सही आईबापांचीच हवी आणि होकार त्या मुलीचाही. जेथे संमती चोरली गेली तेथे चोरास शासन करावे, प्रश्नास नव्हे. आणि ज्या ४,९५० मुलींच्या दंडावरून जगाला हे उत्तर मिळाले, त्यांच्या दारी जाऊन ते सांगणे हे सरकारवरचे ऋण आहे.