गणितातून सुटलेला उंदीर

नवी मुंबईच्या विमानतळाचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले आणि या नगरीस जगाचे एक नवे द्वार उघडले. द्वारातून वैभव येते तसे रोगही येतात, हे मुंबईकरांस निराळे सांगावयास नको. 1896 साली प्लेग प्रथम ओळखला गेला तो मांडवी बंदराच्या वस्तीत, आणि तो समुद्रमार्गाने आला असेच मानले जाते. तेव्हा पुढच्या साथीचे गणित आधीच मांडून ठेवणे हे नगरप्रशासनाचे कर्तव्यच ठरते. या विचाराचे आम्ही स्वागत करतो. परंतु हे गणित आरंभीच ज्या आकड्यांवर पडताळले गेले ते मुंबईचेच होते, आणि त्यांची हकीकत वाचकांनी ऐकण्यासारखी आहे.

1927 साली एडिंबरोतील कर्मॅक व मॅककेंड्रिक या दोघांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कर्मॅक हे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ. मॅककेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहिलेले डॉक्टर. त्यांची कल्पना सोपी होती. (आम्ही कलाशाखेचे, आम्हांस कळली म्हणजे ती सोपीच असली पाहिजे.) लोकसंख्येचे तीन भाग पाडावयाचे: रोग होऊ शकेल असे, रोगी, आणि बरे झालेले वा मेलेले. पहिले दोन जितके अधिक एकमेकांस भेटतील तितकी साथ चढते. पहिल्या वर्गातील माणसे एका मर्यादेखाली गेली की ती उतरू लागते. सर्वांस रोग होऊन जाईपर्यंत साथ थांबत नाही, हा समज यामुळे खोटा ठरला, आणि आजही रोगप्रतिबंधाचे सारे हिशेब याच पायावर उभे आहेत.

आपले सूत्र पडताळण्यासाठी त्यांनी डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे आठवड्याचे आकडे घेतले. शिखरावर आठवड्यास सुमारे 900 माणसे मरत होती. सूत्राची वक्ररेषा त्या आकड्यांवर चपखल बसली, आणि आजही ती पाठ्यपुस्तकांतून दाखविली जाते.

मात्र मुंबईचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. तो उंदरांचा रोग होता आणि पिसवांच्या द्वारा माणसांत येत होता. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने हे त्याच सुमारास सिद्ध केले. आठ-दहा लाखांच्या शहरात काही हजार मृत्यूंनंतर रोग होण्याजोगी माणसे संपत आली, हे कसे पटावे? प्लेग वर्षानुवर्षे हिवाळ्यात चढे आणि उन्हाळा तापू लागला की ओसरे. हा ऋतूचा हात सूत्रात नव्हता. निबंधलेखकांस स्वतःस ही उणीव ठाऊक होती आणि त्यांनी ती प्रांजळपणे नमूदही केली. पाठ्यपुस्तकांत रेषा राहिली; कबुली बहुधा गळाली. शाळेत शिकवीत असता उत्तर बरोबर आणि रीत चूक अशा वह्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांस पूर्ण गुण देण्याचा मोह फार होतो.

हा मोह किती महाग पडतो हे करोनाकाळाने दाखविले. शासननियुक्त तज्ज्ञसमितीने ऑक्टोबर 2020 मध्ये साथीचे शिखर ओलांडले गेल्याचे सांगितले. दक्षता पाळल्यास फेब्रुवारीअखेर रोगी अगदी थोडे उरतील, असा अंदाज दिला. मे 2021 च्या आरंभी देशात एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रोगी नोंदले गेले. विषाणूचे नवे रूप त्या गणितात नव्हते, जसे मुंबईच्या गणितात उंदीर नव्हते. समितीची अट लोक विसरले. दिलासा तेवढा लक्षात राहिला.

दुसरी गोष्ट आपल्या अधिकच जवळची. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांत शेकडा 57 जणांस संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. त्याच प्रभागांतील इतर वस्तीत शेकडा 16. सर्वजण सर्वांस सारखेच भेटतात असे मानणारे गणित दिघा-तुर्भ्याची चाळवस्ती आणि पामबीच रस्त्यावरचे मनोरे एकाच मापाने मोजील. वाशीचा घाऊक बाजार मे 2020 मध्ये काही दिवस बंद ठेवावा लागला होता. तेथे मालमोटारी साऱ्या महाराष्ट्रातून येतात. हार्बर मार्गाने रोज मुंबईस जाणारा नेरुळचा कारकून कोणत्या शहराच्या लोकसंख्येत धरावयाचा? विमानतळ रायगड जिल्ह्यात, बाजार ठाणे जिल्ह्यात, पनवेलची महानगरपालिका निराळी. जिल्ह्याची हद्द रोगास दिसत नाही.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई व पनवेल येथील आजाराचे आणि मृत्यूचे आकडे दर आठवड्यास, प्रभागवार, एकाच पत्रकात छापले जावेत. साथ असो वा नसो. आणि कोणताही अंदाज जाहीर करताना त्यात काय गृहीत धरले व काय सोडले, हे त्याच कागदावर सोप्या मराठीत लिहिले जावे. 1906 सालचे मुंबईचे आकडे एकवीस वर्षांनी एडिंबरोत उपयोगी पडले, ते दर आठवड्यास कोणा कारकुनाने नोंदवून ठेवले होते म्हणून.