भाव वाढन का? आधी हे चार आकडे वाचा

अमेरिकेत सरकार बंद पडलं आणि त्याचा हिंगणीच्या सोयाबीनशी संबंध आला, असं कोणी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण झालं तसंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस तिथलं सरकारी कामकाज ठप्प होतं. त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याचा पुरवठा-मागणीचा मासिक अहवाल ऑक्टोबरमध्ये आलाच नाही. १९७३ पासून निघणारा हा अहवाल म्हणजे जगातल्या पिकांचा ताळेबंद. दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, वॉशिंग्टनच्या घड्याळात दुपारी १२ वाजता तो बाहेर पडतो. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. पुढच्या काही मिनिटांत शिकागोचा वायदा हलतो. नोव्हेंबरचा अहवाल १४ तारखेला आला, तोवर जगभरचे व्यापारी अंदाजपंचे चालले होते.

आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या सेलू तालुक्यात सोयाबीन घरात आलेलं असतं. कापसाची वेचणी सुरू असते, तूर शेतात उभी असते. पारावर प्रश्न एकच, ‘विकू का ठिवू?’ तुमच्या हातात स्मार्टफोन आहे म्हटल्यावर बाबा, आबा, काका सगळे तुम्हालाच विचारणार, ‘पाहा ना बापा, भाव वाढन का?’

मग आपण यूट्यूब उघडतो. ‘सोयाबीन ७ हजार पार?’ असा लाल अक्षरातला व्हिडिओ दिसतो. तो बघण्याआधी अंदाज कसा बांधतात, एवढं तरी समजून घेऊ या.

पहिला आकडा : शिल्लक

मागचा साठा, अधिक यंदाचं उत्पादन, अधिक आयात. त्यातून देशातला वापर आणि निर्यात वजा करा. उरते ती वर्षअखेरची शिल्लक. ही शिल्लक वापराच्या किती टक्के आहे, यावर भावाचा कल ठरतो. टक्का घसरला की खरेदीदार धास्तावतो आणि भाव चढतो. टक्का वाढला की तो निवांत बसतो. म्हणून नुसतं ‘यंदा पीक कमी आहे’ ऐकून भाव वाढेल असं धरू नका. मागचा साठा मोठा असेल, तर कमी पिकाचाही भाव पडतो.

सोयाबीनमध्ये तर आपला वाटा छोटाच. एकटा ब्राझील वर्षाला १७ कोटी टनांच्या आसपास पिकवतो. आपण त्याच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत. आणि सोयाबीनचा भाव ठरतो तेल आणि पेंड यावर. दाण्यातून तेल निघतं साधारण १८ टक्के, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला मागणी नसेल तर तेल महाग होऊनही दाणा उठत नाही. २०२४-२५ च्या हंगामात मका आणि तांदळाच्या इथेनॉलमधून निघालेला स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात शिरला आणि सोयापेंडीचं गिऱ्हाईक तुटलं.

दुसरा आकडा : कोणाचं उत्पादन खरं?

२०२४ च्या खरिपात देशात सोयाबीन किती झालं? केंद्र सरकार म्हणतं १५० लाख टनांच्या वर. इंदूरची सोयाबीन प्रक्रियादारांची संघटना ‘सोपा’ म्हणते साधारण १२६ लाख टन. फरक सुमारे २५ लाख टनांचा! दोघांची मोजायची पद्धत वेगळी. त्यामुळे बातमीत आकडा दिसला की आधी विचारा, हा कोणाचा? आणि गेल्या वर्षीचा आकडाही त्याच संस्थेचा आहे ना? नाही तर तुलना फसवी ठरते.

कापसात अजून गंमत. आपली गाठ १७० किलोची, अमेरिकेच्या अहवालातली ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोची. आपल्या ३०० लाख गाठी त्यांच्या कागदावर २३४ लाख होतात. हे माहीत नसलेला पोरगा ‘भारताचं उत्पादन कोसळलं’ असं स्टेटस ठेवून मोकळा होतो.

तिसरा आकडा : दिल्लीचा

आता खरी मेख. पाऊस, पेरा, साठा यांचा हिशेब बऱ्यापैकी मांडता येतो. सरकार काय करेल, हे कुठल्याच मॉडेलला आधी कळत नाही.

२०२१ चा उन्हाळा-पावसाळा आठवा. सोयाबीन १० हजारांच्या घरात गेलं होतं. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी दिली. २० डिसेंबरला सोयाबीनचे वायदेच बंद करण्यात आले, ते २०२५ मध्येही बंदच होते. वायदा म्हणजे पुढच्या महिन्यांच्या भावाचा उघड अंदाज. तीच खिडकी बंद.

कापसाचं घ्या. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७७१० आणि लांब धाग्याला ८११० रुपये होता. पण १९ ऑगस्ट २०२५ ला आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी आणि परदेशी रुई एकाच वेळी बाजारात. तुरीचंही तसंच. २०२४ च्या मध्यात १० हजारांच्या वर, पुढच्या हंगामात हमीभावाच्याही खाली. २०२४-२५ मध्ये १२ लाख टनांहून जास्त तूर बाहेरून आली, आणि शुल्कमुक्त आयातीची मुदत तेव्हा ३१ मार्च २०२६ पर्यंत होती. पोत्यावर अंदाज लिहिताना खाली ‘धोरण बदललं नाही तर’ एवढं लिहाच.

चौथा आकडा : आपल्या घरचा

हा आकडा कुठल्याही अहवालात सापडणार नाही. थांबायला खर्च किती?

समजा २० क्विंटल सोयाबीन आहे आणि आजचा भाव ४३०० धरला. माल झाला ८६ हजारांचा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडे माल ठेवून किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे ६४,५०० रुपये ६ टक्के वार्षिक व्याजाने मिळतात. चार महिन्यांचं व्याज १२९० रुपये, क्विंटलमागे ६५. दोन टक्के घट धरली तर अजून ८६. म्हणजे भाव दीडशे रुपये वाढला तरी खर्च निघतो. गोदाम-हमाली वेगळी धरा.

आता तीच रक्कम गावातून शेकडा ३ रुपये महिन्याने उचलली तर? चार महिन्यांचं व्याज ७७४० रुपये, क्विंटलमागे ३८७. घट धरून पावणेपाचशे रुपये भाव वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. अंदाज दोघांसाठी एकच होता, पण उपयोग एकालाच झाला. म्हणूनच दिवाळीच्या आसपास आवक तुंबते. गरजू कास्तकार विकतो आणि ज्याच्याकडे दम आहे तो घेऊन ठेवतो.

मग करायचं काय?

२०२५-२६ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ५३२८ होता आणि २०२५ च्या काढणीच्या वेळी खुला बाजार त्याच्या खाली होता. तेव्हा आधी सरकारी खरेदीची नोंदणी आणि ओलावा बघा. १२ टक्क्यांच्या वर ओल असेल तर वाळवण्यात दोन दिवस घालवलेले परवडतात. ‘स्मार्ट’ प्रकल्पाचा पुण्यातला बाजार माहिती विश्लेषण आणि जोखीम निवारण कक्ष मराठीत भावाचे अंदाज काढतो. ते एका आकड्यात नसतात, ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे असतात. प्रामाणिक अंदाज असाच असतो. एकच आकडा छातीठोक सांगणाऱ्यापासून लांब राहा.

आणि सगळा माल एकाच दिवशी विकू नका. देण्याघेण्यापुरता आता, थोडा फेब्रुवारीत, थोडा नंतर. सगळ्यात वरचा भाव यात कधीच मिळत नाही, पण सगळ्यात खालच्या भावात सगळा मालही जात नाही.

आज संध्याकाळी घरी एक वही घ्या. किती क्विंटल, किती देणं, किती व्याजाने, हे लिहा. आबांनी पुन्हा विचारलं की व्हिडिओ दाखवू नका, वही दाखवा.