पोटातली वस्ती आणि डब्यातल्या गोळ्या

जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, ते वसमत तालुक्यातली माणसे अजून विसरलेली नाहीत. पाणी ओसरले की गाळ काढला जातो, भांडी घासली जातात. पण विहिरीत उतरलेली घाण डोळ्यांना दिसत नाही. पूर येवो न येवो, पावसाळ्यात गावोगावी जुलाबाचे रुग्ण वाढतात. मग दादी कपाटातला बिस्किटांचा डबा काढतात, मागच्या आजारात उरलेली गोळ्यांची पट्टी शोधतात आणि म्हणतात, “ये खा ले, तेरे अब्बा को इसीच से आराम हुआ था.”

हा डबा आमच्याही घरात होता. म्हणूनच या महिन्यात त्याच्याविषयी लिहीत आहोत.

त्या पट्टीत बहुधा अँटिबायोटिक असते, म्हणजे जिवाणू मारणारे औषध. आता जिवाणू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. पण अल्लाहने आपल्या मोठ्या आतड्यात जिवाणूंची एक मोठी वस्ती ठेवली आहे. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलेल्या हिशेबानुसार एका माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. या सगळ्या जिवाणूंचे वजन मात्र पाव किलोही भरत नाही.

ही वस्ती फुकट राहत नाही. ज्वारी, डाळी आणि पालेभाज्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावरच पोसल्या जातात. काही जिवाणू ‘के’ जीवनसत्त्व बनवतात. शिवाय जागा आधीच भरलेली असल्यामुळे बाहेरून आलेल्या रोगजंतूला पाय रोवता येत नाही.

या वस्तीची सुरुवात आईपासून होते. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचे अन्न असतात. कुरआनने सूरह अल-बकरामध्ये पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख केला आहे, हे आपण जाणतोच. पुण्याच्या संशोधकांनी 2012 मध्ये एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांचे जिवाणू तपासले. एकाच घरात राहूनही वयाप्रमाणे ही वस्ती बदलत जाते, असे त्यांना आढळले.

अब्बांची गोळी नातवाला दिली की काय होते? जुलाब विषाणूमुळे झाले असतील, आणि लहान मुलांत बऱ्याचदा तसेच असते, तर त्या गोळीचा काहीच उपयोग होत नाही. उलट आतड्यातले चांगले जिवाणू मरतात. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू माजू शकतो. तो विष सोडतो आणि जुलाब आणखी वाढतात. वृद्धांत हा आजार जिवावरही बेतू शकतो. अर्धवट, मनाने घेतलेल्या औषधाला रोगजंतू दाद देईनासे होतात, ते वेगळेच. म्हणून तर 2014 पासून अनेक अँटिबायोटिके ‘एच-1’ या कडक अनुसूचीत आहेत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत.

आतड्याचा जुनाट दाह, लठ्ठपणा, मधुमेह यांतही ही वस्ती बदललेली दिसते. पण वस्ती बिघडल्यामुळे आजार झाला की आजारामुळे वस्ती बिघडली, हे बहुतेक आजारांत अजून ठरलेले नाही. तेव्हा ‘पोटातले जिवाणू वाढवून सगळे रोग बरे’ असे सांगणाऱ्या महागड्या पावडरींना भुलू नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी, मेथी आणि घरचे दही आपल्याकडे आहेच. ईदच्या दिवसांत गोश्तासोबत भाकरी आणि भाजी पानात राहू द्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवायला शिकवले, तेही ध्यानात असू द्या.

जुलाब सुरू झाले तर पाणी उकळून गार करा, एक लिटरच्या पाकिटातले ओआरएस एक लिटरमध्येच मिसळा आणि थोडे थोडे पाजत राहा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मुलांना झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात. त्या 14 दिवस द्यायच्या असतात. शौचातून रक्त पडले, ताप चढला, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा. त्यांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितले तितके दिवस नक्की घ्या. आमचा विरोध औषधाला नाही, अंदाजाने घेण्याला आहे.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि त्यातली ही न दिसणारी वस्तीही त्यातच आली. दादींचा डबा फेकू नका. उरलेल्या गोळ्या काढून टाका आणि त्यात ओआरएसची चार पाकिटे ठेवा. पुढच्या पावसाळ्यात दादी तोच डबा उघडतील, आणि इन्शाअल्लाह हाताला योग्य औषध लागेल.