पाऊण इंच

माझ्या हातून आजवर मोटारीचे एकच काम धडपणे झाले आहे, ते म्हणजे ती ढकलणे. शिक्षण बी.कॉम., नोकरी बँकेत, वाहन स्कूटर. तेव्हा टेक्सासातल्या भाच्याच्या पिकअप ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवरून मी सबंध घराशी वैर पत्करले, हे सांगितले तर आमच्या शाखेतला शिपाईसुद्धा हसेल. हसू दे. माझे म्हणणे मी मांडणारच.

ट्रक १९७० सालचा शेव्हरोले सी-१०. आपल्याकडे अशा वयाचे वाहन भंगारात जाते. तिकडे त्याचे लाड होतात. लाड म्हणजे काय, तर चांगली उंच गाडी जमिनीला टेकायला आणायची. भाच्याने मागच्या स्प्रिंगा काढून आखूड घातल्या आणि ट्रक पाच इंच खाली बसवला. पंगतीत आग्रहाला बळी पडून फतकल मारलेल्या पाहुण्यासारखा तो दिसू लागला. भाचा खूश. पण एक दिवस ताईला घेऊन तो बाजारात निघाला, रस्त्यात खड्डा आला आणि मागून 'खर्रर्र' झाले. उजवा टायर मडगार्डच्या कडेला घासत होता. डावीकडे मात्र बोटे घालून हात फिरवावा इतकी जागा!

आता हे का होते, ते मला समजले ते असे. या ट्रकला मागे पाटे नाहीत, गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत. दोन लांब दांडे अ‍ॅक्सलला पुढे-मागे जाऊ देत नाहीत. पण डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आणखी एक आडवी दांडी लागते. तिचे एक टोक चासीला, दुसरे अ‍ॅक्सलला. तिला पॅनहार्ड दांडी म्हणतात. नाव फ्रान्समधल्या एका जुन्या मोटार कंपनीवरून पडले आहे; पानाच्या गादीशी संबंध नाही, मी विचारून घेतले.

दांडीची लांबी ठरलेली. ती एका टोकाशी फिरते, म्हणजे दुसरे टोक वर्तुळात फिरणार. इथे माझे मॅट्रिकचे गणित उपयोगी पडले. समजा, दांडी २४ इंची आहे आणि दोन टोकांच्या उंचीत ६ इंचांचा फरक आहे. तर आडवे अंतर भरते सुमारे २३.२४ इंच. ट्रक पाच इंच खाली आणला की उंचीतला फरक उरतो १ इंच, आणि आडवे अंतर होते २३.९८. म्हणजे दांडीने अ‍ॅक्सलला जवळजवळ पाऊण इंच बाजूला ढकलले! एकीकडे पाऊण इंच जास्त, दुसरीकडे पाऊण कमी. दोन्ही बाजूंत दीड इंचाचा फरक. कुणाचीही लबाडी नाही, शुद्ध पायथागोरस.

आणि इथेच भांडण पेटले. भाचा म्हणाला, "मामा, सोपं आहे. डाव्या चाकाच्या आत दीड इंचाचा स्पेसर घालतो. दोन्ही चाकं सारखी दिसतील."

वाचकहो, सारखी *दिसतील*! बँकेत या प्रकाराला सस्पेन्स खाते म्हणतात. हिशेब जुळत नाही ना? फरकाची रक्कम तिकडे टाका आणि घरी जा. ताळेबंद देखणा, चूक जागच्या जागी. मी त्याला म्हटले, "अरे, उजवा टायर घासतोय तो घासतच राहणार. तू फक्त डाव्यालाही घासायची सोय करतोयस!"

मग त्याचा दुसरा उपाय: हौद्याच्या बोल्टांची भोके लांबट करून हौदाच सरकवायचा. म्हणजे सून वाकडी चालते म्हणून घर तिरपे बांधा! हौदा चाकांशी जुळेल, पण पुढच्या केबिनशी फटकून बसेल त्याचे काय?

तिसरा पक्ष ताईचा. "चालतंय ना? मग चालू दे." या पक्षाला आपल्या देशात कायमचे बहुमत आहे, पण मला त्याचाच सर्वांत जास्त राग आहे. दोन-चार सुतांचा फरक कारखान्यातूनच येतो, तो मी सोडून देईन. मी काही माथेफिरू नाही. पण ज्या फरकाने टायर कापला जातो, आणि ज्या गाडीत माझी बहीण बसते, तिथे 'चालतंय' हा शब्द मी ऐकणार नाही.

खरा उपाय एकच: दोष जिथे आहे तिथे हात घालायचा. बाजारात आटे असलेली, कमी-जास्त करता येणारी दांडी मिळते. ती पाऊण इंच आखूड करायची, की अ‍ॅक्सल मध्यावर. किंवा चासीकडचे टोक नव्या ब्रॅकेटवर बसवून दांडी आडवी करायची. दांडी जितकी आडवी, तितके अ‍ॅक्सलचे खड्ड्यातले डुलणे कमी. मोजायचे मात्र चासीपासून, मडगार्डपासून नव्हे; मडगार्ड स्वतःच वाकडे असू शकते.

अखेर भाच्याने दांडी आणली. मी ओळंबा धरला, माप घेतले, दोन्हीकडे बरोबर! मी विजयी मुद्रेने गाडी जॅकवरून उतरवायला सांगितली आणि अ‍ॅक्सल पुन्हा सरकला. जॅकवर चाके लोंबकळत होती, दांडीचा कोनच वेगळा होता. त्या क्षणी भाचा माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तिचे वर्णन करणार नाही. धडा मिळाला: गाडी आपल्या पायांवर, आपले ओझे घेऊन उभी असेल तेव्हाच मोजायची. टांगलेल्या अवस्थेत सगळेच मध्यावर असतात.

दुसऱ्या खेपेला जमले. ताईला घेऊन त्याच खड्ड्यातून गेलो. काही झाले नाही. ताई म्हणाली, "दोन दिवस घालवून फरक काय पडला? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"तोच फरक," मी म्हटले.

तिला पटले असे वाटत नाही. पण हल्ली तो ट्रक खड्ड्यापाशी आला की ती दाराची मूठ धरत नाही, असे भाच्याने कळवले आहे.