नळीची लांबी आणि गोळीचे वजन
नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना परवाने बाळगून येथील अरण्यांत हिंडणाऱ्या शिकाऱ्यांचा काळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने संपुष्टात आणला, हे सर्वथा उचित झाले, परंतु .२२ बोअरच्या रायफलीची निवड लक्ष्यवेधाच्या अभ्यासकांपुढे आजही विचारणीय आहे. नळी जितकी लांब तितका वेग अधिक, ही समजूत या काडतुसापुरती निराधार होय, कारण त्यातील चिमूटभर दारूचा वायू १६ ते १९ इंचांत आपले कार्य उरकतो आणि पुढे केवळ घर्षण उरते. लांब नळीचा खरा लाभ माशी व मागची खाच यांतील अंतर वाढण्यात आहे. गोळी मात्र मी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, मंदगतीच पसंत करीन: १६ इंचांत एक फेरा देणारे आटे तिच्याच लांबीस अनुरूप असतात, ६० ग्रेनची लांबट गोळी त्यांत पुरेशी न फिरता डळमळते, आणि ध्वनीहून शीघ्र निघालेली गोळी वाटेत मंदावून ध्वनिवेगाखाली उतरताना विचलित होते, तो ध्वनिवेग नागपुरात १० अंशांच्या पहाटे सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर वैशाखातील ४५ अंशांच्या दुपारी सुमारे ३५८ मीटर असतो.